उलटा पेला

८ जुलै, सोमवार

हाकललं मला! गोड बोलून, पण हाकललंच.

दोन वर्षं लेकीच्या वर्गाबाहेरच्या बाकड्यावर बसून काढली. पर्समध्ये साखर तपासायचं यंत्र, इन्सुलिनचं पेन, ग्लुकोज. आता नव्या बाई म्हणतात, "ताई, तुम्ही घरी जा. टोचायचं, तपासायचं, सगळं शिकून घेतलंय आम्ही." शिकल्या म्हणे! आणि लेक? मागे वळूनही बघितलं नाही तिनं.

१० जुलै, बुधवार

घर खायला उठतं. फोन हातातच — कुणाचाही नाही. टेबलावर लेकीचा पेला पुन्हा उलटा. रोजचंच. सरळ करून ठेवला.

१२ जुलै, शुक्रवार

जेवताना बाई, वेणी घालताना बाई! बाई अशा, बाई तशा.

मधल्या सुट्टीआधी आता अख्खा वर्ग काहीतरी खातो, म्हणजे हिला एकटीला खाताना वेगळं वाटायला नको. आणि साखर उतरतेय असं वाटलं की ही बाकावर पेला उलटा ठेवते. बाई येता-जाता बघतात, गुपचूप ग्लुकोज देतात. कुणाला पत्ताही लागत नाही.

"बाई धावत नाहीत, आई. ओरडत पण नाहीत."

म्हणजे मी ओरडते! अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा म्हणतो, "बरंच झालं की, तुला सुट्टी." कुणी मागितली होती सुट्टी?

१६ जुलै, मंगळवार

लेक डबा विसरली म्हणून शाळेत गेले. (दप्तरातून मीच काढून ठेवला होता.)

खिडकीतून बघितलं. बाई तिला इन्सुलिन टोचत होत्या आणि ही कुठल्याशा मांजराची गोष्ट सांगत होती. हसत! माझ्यासमोर डोळे घट्ट मिटून घेते, दात आवळते. तेच पेन, तीच सुई.

जळले मी. नऊ वर्षांच्या पोरीवरून, त्या परक्या बाईवर. लिहितानाही लाज वाटतेय, पण जळले.

२० जुलै, शनिवार

संध्याकाळी जेवायला बसलो. लेकीनं माझ्याकडे बघत पेला उलटा ठेवला. माझं डोकंच फिरलं. "बाईंचे खेळ शाळेत! इथे आई आहे. तोंड उघडून सांगायचं." पेला सरळ केला, पाणी ओतलं. ती गप्प बसली. मला वाटलं, रुसली.

मग तिचा हात थरथरायला लागला. कपाळ घामानं थबथबलं, शब्द जड झाले. ग्लुकोज पाजेपर्यंत माझ्या जिवाचं पाणी पाणी. थोड्या वेळानं सावरली, वरणभातही खाल्ला.

नवऱ्यानं ताटं उचलली, भांडी घासली. रागावला असता तर बरं झालं असतं.

२२ जुलै, सोमवार

शाळेत गेले. भांडायलाच. म्हटलं, "तुमच्या खुणा तुमच्यापाशी ठेवा. नाहीतर आधी मला सांगत जा."

बाई बघतच राहिल्या. "माझी कुठली? तिनंच शिकवली मला, पहिल्या दिवशी. म्हणाली, आईसाठी काढली होती. तोंडानं सांगितलं की आई घाबरते, रडते. पण आईला कळतच नाही — ती पेला सरळ करून ठेवते."