आधी तुमचे बोंबील

अंबूवहिनी,

शत्रूने लांब पल्ल्याचं मिसाईल उडवून बघितल्यापासून आपल्या वरोर गावात टीव्ही बंद होत नाही. म्हणे इथपर्यंत पोचेल. म्हणून सोमवारी सरावाचा भोंगा वाजवला. वाजला की घरात शिरा, असं तहसीलच्या साहेबांनी बजावलं होतं. आम्ही बायका मात्र पाऊस आल्यासारख्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील काढायला धावलो. साहेबांनी कपाळाला हात लावला.

तुम्ही डहाणूच्या बाजारात होता. तुमच्या ओटीवरची टोपली मीच भरून ठेवली. माझ्या बोंबलांकडे वळले, तोवर कुत्री पोचली होती. दोन वर्षं आपण बोलत नाही, म्हणून सांगितलं नाही. हे पत्रही तुम्हाला न देता माझ्या डब्यातच राहील.

गुरुवारी पुन्हा भोंगा आहे. त्या दिवशी मी बाजारात जाणार आहे. बघू, माझे बोंबील कोण काढतं.

तुमची धाकटी जाऊ,
विनिता