वॉल्टरसाठी थांबायचं

६ डिसेंबर
रात्रभर बर्फ. कुंपणाच्या खांबांवर पांढऱ्या टोप्या. चौतीस वर्षं सातवीच्या पोरांकडून बर्फावरच्या कविता पाठ करून घेतल्या, तरी पहिल्या बर्फाला छातीत अजून तसंच होतं. डोंगरावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट पुढच्या शनिवारी सुरू.

संध्याकाळी वॉल्टर मकॉर्टॉफकडे बोर्श्ट, त्यांचं रशियन सूप. चाळीस वर्षांची आमची स्कीची जोडी. उन्हाळ्यात त्याचा गुडघा नवा बसवला. स्की चालेल, पण सावकाश, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको लूशा म्हणाली, मास्तर, झाडांत त्याला नजरेआड करायचं नाही, शब्द दे. तिचं खरं आहे. नवा बर्फ साठला की बुंध्याभोवती आत पोकळी राहते. माणूस त्यात डोक्यावर पडला की एकट्याने निघत नाही. शब्द दिला. मोसमभर, प्रत्येक उतारावर. देताना आवाज जरा भरून आला. लूशा बटाटे सोलत होती, तिच्या लक्षात आलं नसावं.

१४ डिसेंबर
नवा बर्फ ८ सेंमी. वॉल्टरबरोबर सहा फेऱ्या. अकरा वेळा थांबलो. थांबताना कविता सुचते, हा लाभच. 'देवदारांच्या अंगावरती शुभ्र दुलई आली' इथवर जमलं. पुढची ओळ सुचेपर्यंत वॉल्टर पोचला.

कर्तव्याचं समाधान निराळंच. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला खोल बर्फाचा हव्यास नसावा. मला तो राहिलेला नाही.

९ जानेवारी
३१ सेंमी. कोरडा, पिठासारखा. फुंकर मारली तर उडतो.

वॉल्टर कॅन्टीनमध्ये बुटाची क्लिप लावत बसला होता. म्हटलं, त्याची क्लिप लागेपर्यंत एक फेरी. सहा झाल्या.

परत आलो तर तो खिडकीशी बसलेला, बूट घालून, हातमोजे घालून. सांगितलं, लिफ्ट मध्येच अडकली होती. म्हणाला, गारठला असशील, आणि आपलं सूप माझ्यापुढे सरकवलं. दोन वाट्या प्यायलो.

निश्चय: पुन्हा नाही.

१० जानेवारी
एडिथकडून ॲपल पाय करून घेतला आणि वॉल्टरकडे पोचवला. एडिथ म्हणाली, आता काय करून ठेवलंयस? लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली की बायकोला नवऱ्याचा चांगुलपणा दिसेनासा होतो.

२८ जानेवारी
४० सेंमी, आणि वर ऊन.

काल रात्री वॉल्टरला फोन केला की उद्या दाढ दाखवायची आहे. दाढ मला खरोखर आहे.

आजचा दिवस लिहावा कसा? मांडीपर्यंत बर्फ. वळलो की लाट उठायची, तोंडावरून जायची, क्षणभर आंधळा व्हायचो, पुन्हा उजेड. आवाज कसलाच नाही. वजनही नाही. शाळेच्या बाकावर खिडकीबाहेर बघणारा जो मुलगा होतो, तो भेटला. त्याला वॉल्टर माहीत नव्हता.

घरी आल्यावर एडिथ म्हणाली, डेंटिस्टने तुला अंगणात बसवलं होतं का? आरशात पाहिलं. चेहरा लाल, गॉगलच्या जागी दोन पांढरे गोल. घुबड. आता चार दिवस वॉल्टरकडे जायचं नाही. त्याचा निरोप आला: मऊ खा.

१६ फेब्रुवारी
पुरे. उद्यापासून शब्द म्हणजे शब्द. शिवाय आठवडाभर बर्फाचा अंदाज नाही, त्यामुळे सुरुवात सोपी जाईल.

१९ फेब्रुवारी
अंदाज चुकला. ५२ सेंमी.

वॉल्टरला घेऊन गेलो. झाडांतून उतरायचं ठरलं. मी म्हणालो, मोठ्या सीडरच्या झाडापाशी थांबतो. वॉल्टर म्हणाला, थांबशील ना मास्तर? थट्टेनेच म्हणाला असेल.

सीडर आला. त्याच्या खाली अख्खा उतार, स्कीची एकही रेघ नसलेला. वाटलं, खाली जाऊन थांबावं. थांबणं हे थांबणंच. खाली पोचलो तर लिफ्टला रांग नव्हती. वाटलं, पुन्हा वर जाऊन उतरताना तो वाटेत भेटेलच. भेटला नाही. मग खाली थांबलो.

उतारावर गस्त घालणाऱ्या मुलीने विचारलं, शेवटचं कधी पाहिलंत? म्हणालो, दहा मिनिटं झाली असतील. पस्तीस झाली होती.

पण तोवर दोन स्नोबोर्डवाल्या पोरांना स्कीचं एक टोक दिसलं होतं. वॉल्टर बुंध्याशी उलटा. तोंडापुढे हात धरला होता म्हणून श्वास चालू होता. खांदा निखळला. जखमींच्या स्लेजवरून नेताना त्याने माझी 'दहा मिनिटं' ऐकली.

२० फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. वॉल्टर मी बसायच्या आधीच लूशाला म्हणाला, मीच याला म्हटलं पुढे हो म्हणून.

त्याने रागवायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती.

२ मार्च
लूशाला खरं सांगायचं रविवारी ठरलं होतं. पण ती ब्रेड भाजत होती, अशा वेळी नको. आज तीच म्हणाली, वॉल्टरला मंगळवार-शुक्रवार नऊ वाजता खांद्याच्या व्यायामाला पोचवशील का? नऊला लिफ्ट उघडते. हो म्हणालो. हेच प्रायश्चित्त. आता सांगायची गरजही तितकीशी उरली नाही.

१० मार्च
तिसऱ्यांदा पोचवलं. बाहेर कोरडा गारठा, बर्फ शून्य. मन किती हलकं.

१३ मार्च, शुक्रवार
सकाळी सहा: ४४ सेंमी.

सव्वासहाला लूशाला फोन. गाडी सुरू होत नाही. ती म्हणाली, हरकत नाही, नीना नेईल त्याला. नीना म्हणजे त्यांची मुलगी. कुणाची अडचण झाली नाही.

नऊ वाजता लिफ्टपाशी. दोघांची खुर्ची. एकट्यांना लिफ्टवाला जोडून देतो. त्याने मला लूशाशेजारी बसवलं.

बारा मिनिटांचा प्रवास. वाऱ्याने खुर्ची मध्ये थांबली. पायांखाली साठ फूट.

लूशा म्हणाली, झाली का सुरू गाडी?

मग सांगून टाकलं. सूप, दाढ, सीडर, दहा मिनिटं. पस्तीस होती, म्हणालो. लूशा म्हणाली, अडतीस. उलटा लटकलेला माणूस घड्याळच बघणार, दुसरं काय काम त्याला. त्याच रात्री सांगितलं त्याने. वर म्हणाला, मास्तरला टोचू नकोस, तो आतून खात असेल स्वतःला. खातोस का?

खातो, म्हणालो.

ती म्हणाली, दिसतंय. पंधरा वर्षं प्रत्येक चांगल्या बर्फाला मी उतारावर थांबत आले त्याच्यासाठी. म्हटलं, एक मोसम दुसरं कुणी थांबेल. म्हणून तुझ्याकडून शब्द घेतला.

खुर्ची हलली. म्हणालो, आज मी थांबेन, तुझ्यासाठी. प्रत्येक वळणावर. ती म्हणाली, बरं.

वर उतरलो. बुटाची क्लिप सैल वाटली म्हणून वाकलो. मान वर केली तर लूशा नव्हती. झाडांमध्ये एक रेघ, सरळ खाली गेलेली.

एकट्याने झाडांत जायचं नसतं. रुळलेल्या वाटेने सावकाश खाली आलो आणि थांबलो. ती मला शोधत असणार, म्हणून जागा सोडली नाही. अकराला मला वाटलं तीच गेली, वेगात. बाराला पुन्हा.

साडेतीनला लिफ्ट बंद झाली. बर्फ फार चांगला होता म्हणतात.