आगाच्या हातचा घास

९ जानेवारी

ब्याण्णव किलो! काटा खोटा आहे. खात्री करायला दुइसेनला वर उभं केलं. नवऱ्याचं वजन बरोबर दाखवतो. म्हणजे काटा खोटा नाही, पक्षपाती आहे.

तीन आठवडे उकडलेला कोबी खाल्ला. घरात असा वास, की शेजारीण विचारून गेली, "कुणी आजारी आहे का हो?" आणि उतरलं किती? दोनशे ग्रॅम. तेही मोजे काढल्यावर.

१० जानेवारी

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे कोबीपुढे बसल्यावर आठवेल.

आगाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, ओराझालीच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून ठेवतात. डिसेंबरात मी गुपचूप रक्त देऊन आले. जुळलं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनी झकास आहे. पण तिच्याभोवती तुम्ही फार आहात. ब्याऐंशीच्या खाली या, मग बघू. वसंत सरायच्या आत या. पुढे त्यांचं हृदय किती साथ देईल, सांगता येत नाही."

आगाला सांगितलेलं नाही. फक्त दुइसेनला ठाऊक. आगा सरळ नाही म्हणेल, आणि आमच्या घरात आगाच्या 'नाही'नंतर आजवर कुणी दुसरं वाक्य बोललेलं नाही. म्हणून आधी बारीक व्हायचं. मग सगळे कागद हातात घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं.

दहा किलो. तीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवतेय. फळ्यावर आतडी किती सुबक काढते मी!

१४ जानेवारी

शिक्षकांच्या खोलीत सल्ल्यांचा बाजार. गणिताची सौले — "सकाळी उठल्याबरोबर व्हिनेगर घे." व्यायामाचे मास्तर, ज्यांना गेली पाच वर्षं स्वतःच्या बुटाच्या नाड्या दिसलेल्या नाहीत — "धावा!" मग सगळ्यांनी मिळून केक कापला, सौलेचा वाढदिवस. मी फक्त तोंड गोड केलं. ते खाणं नव्हे.

१८ जानेवारी

९२.१. व्हिनेगर सुरू.

१९ जानेवारी

व्हिनेगर बंद.

२३ जानेवारी

दवाखान्यात वही दाखवली. खाल्लेलं सगळं लिहायचं, असा हुकूम आहे. सकाळी कुट्टूची खिचडी, दुपारी कोबी, संध्याकाळी पेलाभर दही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"एवढंच?"

"देवाशपथ!"

"यावर घोडासुद्धा वाळेल हो!"

थायरॉइड तपासलं. ठणठणीत. मग आम्ही दोघी विचारात पडलो. विचार करता करता त्यांनी दुधाचा चहा मागवला, सोबत बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे. "घ्या हो. एवढ्या थंडीतून आलात, कोरडं कसं पाठवू?" तीन खाल्ले. वहीत लिहिले नाहीत. त्यांनीच दिले, त्यांना ठाऊक आहेत की.

२८ जानेवारी

आगाच्या नातवाच्या पायातली दोरी कापायचा समारंभ. पोर चालायला लागलं म्हणून मेंढा कापला. पोर दोन पावलं चालून बसलं. आम्ही सहा तास बसलो.

आगा मधोमध, मानाच्या जागी. पुढ्यात थोडा मोकळा भात आणि पेल्यात दोन घोट पाणी. ते दिवसभर पुरवायचं. चेहरा राखेसारखा. पण मांस चिरायला त्याचाच हात! स्वतःला चालत नाही, म्हणून एकेका धाकट्याला बोलावून मूठभर भरवतो. माझी पाळी आली, तेव्हा परातीतल्या मांसातली पांढरी चरबी वेचून वेचून मुठीत घेतली.

"तोंड उघड गं पोरी! दिसेनाशी होशील एक दिवस!"

पोरीने — वय एक्कावन्न — तोंड उघडलं. उघडणारच. बाप गेला तेव्हा मी सहाची, तो एकोणीसचा. तेव्हापासून तो हात माझ्या तोंडाकडे येतोय. थोरल्याच्या हातचा घास नाकारणारी माणसं आमच्यात असतात, नाही असं नाही. त्यांच्याविषयी आवाज खाली करून बोलतात.

निघताना उंबऱ्यावर नानचा तुकडा. तो तोंडात घातल्याशिवाय कुणाच्याही घरातून बाहेर पडता येत नाही. वर मेजवानीतल्या उरलेल्याची पिशवी. ती न नेणं म्हणजे यजमानाचं तोंड पाहायचं नाही असं जाहीर करणं. पूर्वी पिशव्या कुल्याशवहिनी बांधायची. डिसेंबरपासून माझी पिशवी आगा स्वतः बांधतो. दुखण्याने माणूस मऊ होतो.

वहीत लिहिलं — कोबी. (सकाळी खाल्ला होता. खोटं नाही.)

४ फेब्रुवारी

९२.६. वाढलं!!

दुइसेन म्हणतो, "राहू दे. तू बारीक झालीस तर लोक म्हणतील, दुइसेन बायकोला उपाशी ठेवतो." आणि समजूत घालायला काळीज-बटाटे परतून आणले. त्याचं मन मोडवेना.

८ फेब्रुवारी

आज कडाक्याचं भांडण. मी ओरडले, "मी काही खातच नाही!" दुइसेनने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "खात नाहीस, मग चावतेस काय दिवसभर?"

थांब म्हणावं. उद्या दाखवतेच. कोटाच्या एका खिशात मूठभर चणे घेणार. जे खाणं नव्हे, नुसतं कुणाचं मन राखायला तोंडात टाकलेलं, त्या प्रत्येकाला एक चणा दुसऱ्या खिशात. संध्याकाळी चार-पाच निघतील. ते त्याच्या पेपरावर ओतेन!

९ फेब्रुवारी

चौतीस.

१० फेब्रुवारी

दोनदा मोजले. चौतीसच. नान नऊ, साखरेच्या गोळ्या अकरा, दुधाचा चहा सात पेले, शिक्षकांच्या खोलीत काल उरलेला केक, फाटकापाशी भेटलेल्या म्हातारीने तोंडात कोंबलेला वाळलेल्या खारट चक्क्याचा बोराएवढा गोळा, आणखी काय काय. तीस वर्षं फळ्यावर अन्ननलिका काढली, पण पाहुणचारासाठी वेगळी नळी कुठे काढल्याचं आठवत नाही.

आजपासून नवा कायदा. कुणालाही 'नाही' म्हणायचं नाही. नानचा तुकडा मोडायचा, पण तांदळाच्या दाण्याएवढा. चहाला ओठ लावायचे. गोळी खिशात. आणि तो दाणासुद्धा वहीत लिहायचा!

२५ फेब्रुवारी

८९.३! कोबी सोडला, तरीही!

पण बारीक होणं म्हणजे बदनामी. शेजारीण — "काही वाईट निघालं का तपासणीत?" सौले — "दुइसेनचं बाहेर काही आहे का? मला सांग, मी तुझ्या बाजूची आहे." मास्तर — "बघा! मी म्हटलं होतं ना, धावा!"

५ मार्च

आगा रोज फोन करतो. आज ये, घोडा कापलाय. उद्या ये, सून आलीये. परवा ये, उगाच ये. मी नाही गेले तर पिशवी येते, आणि पिशवीत चरबी अशी, की कागदातून तेल ठिबकतं. मी ती शाळेच्या पहारेकऱ्याला देते. तो सदऱ्याची बटणं सरकवून घेतो आणि मला दुवा देतो.

काल फोनवर आगाने विचारलं, "किती झालं गं वजन तुझं?" असं कुणी विचारतं? मी म्हटलं, "तेवढंच." तो खूश झाला. खरंच खूश झाला!

१० मार्च

८६.५. डॉक्टरीणबाईंनी टाळी दिली. मग गंभीर झाल्या. आगाच्या हृदयाचा नवा अहवाल बरा नाही. "महिनाभरात या खाली. घाई करा." चहा मागवला होता. मी नुसते ओठ लावले. त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं — एक घोट.

२२ मार्च, नौरीझ (नव्या वर्षाचा सण)

वाईट झालं.

आगाकडे चाळीस माणसं. तो दोन महिन्यांत अर्धा झालाय. तरी उठला, मेंढ्याच्या शेपटीची चरबी मूठभर घेतली आणि थेट माझ्याकडे आला. "तोंड उघड." मी म्हटलं, "आगा, थोडं." तो म्हणाला, "सगळं." त्या मुठीत माझे दोन दिवस होते. त्याच्याकडे किती दिवस आहेत, ते मला ठाऊक होतं.

मी तोंड मिटलं.

तो हात तसाच. चरबी वितळून मनगटावरून बाहीत गेली. कुणीतरी म्हणालं, "शिकलेली ना, माज आलाय!" दुसरी — "ज्याने वाढवलं त्याचाच घास!" आगाने मूठ परातीत सोडली आणि बाही पुसत बसला.

पहिल्यांदाच उंबऱ्यावर नान न खाता निघाले. कुणी पुढे केलाच नाही.

२४ मार्च

कुल्याशवहिनी आली. वाटलं, भांडायला. ओव्हरकोटही न काढता बसली.

"तो तुझ्यावर रागावला नाहीये. त्याला सगळं ठाऊक आहे. डिसेंबरात दवाखान्यात त्याच्या रक्ताच्या नमुन्याच्या नळीशेजारी दुसरी नळी होती. तिच्यावर तुझं नाव, पुढे तुमच्या बापाचं. नर्सला काही विचारावं लागलं नाही त्याला; तुझं वजन आणि त्यावरची अटही तिथेच त्याच्या कानावर पडली."

"मग बोलला का नाही?"

"बोलला असता तर तू ऐकलं असतंस? घरी येऊन मला म्हणाला, 'ती ब्याण्णव किलोची आहे तोवर तिला कुणी हात लावणार नाही.' त्याच रात्रीपासून तुझी पिशवी तो बांधतोय."

२५ मार्च

८३.८.

सकाळी गेले. दोघं समोरासमोर बसलो, तासभर. उठले. आगा भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आला. हातात अख्खा नान. त्याने बराच वेळ बोटांनी कुरतडून एक कण काढला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"एवढाच," म्हणाला.

खाल्ला. वहीत लिहिला.