मुलाखतीच्या आदल्या दिवशीचा नकाशा

गुरुजी, गेल्या महिन्यात मी एक अर्ज लिहिला आणि त्यात एकही चंद्र येऊ दिला नाही. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला असता. सातवीत भातलावणीसाठी रजा मागताना मी चांदण्यात न्हालेलं शेत, वाकलेली आई, बांधावरचा बगळा, सगळं यमकात बसवलं होतं. तुम्ही वर्गापुढे ते चालीत म्हणून दाखवलंत आणि विचारलंत, "रजा किती दिवसांची, ते कुठल्या कडव्यात आहे?" वर्ग हसतोय, मी पाटीवरच्या रेघा मोजतोय, आणि तुम्ही म्हणताय, "कविता मंजूर, रजा नामंजूर." संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी चुलीवरची भाकरी वाढली, तेव्हा तुम्ही एक कोरी वही पुढे केलीत. "चंद्र यात ठेवायचे." अशा अकरा वह्या भरल्या, गुरुजी. छापायला कुणी मागितलं नाही, मीही दिलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे किन्हवलीत फौजेतून परतलेल्यांचे नोकरीचे अर्ज लिहून देतो. त्यांच्या कागदांवर पलटण, हुद्दा, चांगली वर्तणूक असं सगळं असतं, पण कारखान्यातल्या माणसाला त्यातून काही उलगडत नाही. ते मी साध्या भाषेत मांडतो. आमच्याच आळीतला एक हवालदार वीस वर्षं फौजेचं सामान सांभाळून घरी आला. जिथे जाईल तिथे एकच उत्तर, "फौजी ना? मग गेटवर उभे राहा." तो मला म्हणाला, "मास्तर, पहाऱ्याला कमी लेखत नाय मी. पण मला आतलं काम येतं. ते कोन बघतच नाय." त्याच्या बायकोचं गाऱ्हाणं वेगळं. "आवो मास्तर, यांनी माझ्या डब्यांवर नंबर टाकलेत. मीठ घेतलं तं सही मागतात! कायतरी काम बघा, नाय तं मी निघाले माहेराला."

मुरबाडच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. मी हवालदाराचा अर्ज लिहिला, त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दुपारी फोन वाजला. कारखान्याच्या पहारेकऱ्यानं एका माणसाला कुंपणाभोवती फिरताना, वहीत काही काढताना पकडलं होतं, आणि तो माझं नाव सांगत होता. मी धावलो, पण जीपवाला दहावं गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय हलेना. पोचलो तर आमचा हवालदार साहेबापुढे सावधान उभा, आणि टेबलावर कारखान्याचा नकाशा. गेट, वाटा, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी.

"हा काय प्रकार?" साहेबानं मलाच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "सर, उद्या यायचंय. जागा आदल्या दिवशी बघून ठेवतात आमच्यात."

"मुलाखतीला येताय की हल्ला करायला?"

"मुलाखतीला, सर." चेहऱ्यावर हसू म्हणून नाही.

चार महिन्यांची खटपट एका वहीनं घालवली असं वाटलं. तेवढ्यात साहेबाचं बोट नकाशावर थांबलं. "मागच्या गेटवर फुली का?"

"तिथं रिकामी पिंपं रचलीत, सर. आग लागली तं बंब वळनार नाय. आणि गोदामाचा पत्रा पूर्वेला उचकटलाय. खालची पोती पावसात भिजनार."

साहेब उठले. "चला, दाखवा." दोघं बाहेर गेले. मी अर्धा तास एकटाच चहा पीत बसलो. माझा तो अर्ज टेबलावर घडीतच होता, गुरुजी. त्यांनी तेव्हा तो उघडलासुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी रीतसर मुलाखत झाली आणि तीन महिन्यांच्या बोलीवर त्याला गोदाम मिळालं. आता तो पहिल्या जीपनं मुरबाडला जातो. त्याची बायको परवा पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले. मनापासून आनंद झाला, तो खोटा नाही.

पण हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहितो. ते चार महिने तो रोज दुपारी माझ्या ओटीवर यायचा, ताठ बसायचा आणि माझ्या वह्यांतल्या कविता ऐकायचा. आवडली तर म्हणायचा, "मास्तर, परत एकदा होऊ द्या." असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. त्या साहेबाच्या खोलीत चहा पिताना, गुरुजी, एक घोटभर वेळ माझ्या मनात आलं होतं, याला ही नोकरी मिळू नये.