दोन आठवड्यांचा फोम

टोलेडो, १४ डिसेंबर २०२४

चि. प्रणितास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. आन्याला पहिला दात आलाय, तुझी वहिनी मैत्री नाइट शिफ्टला कंटाळलीय, बाकी ठीक.

तुमच्या प्लांटने जस्ट-इन-टाइम, म्हणजे साठा न ठेवता लागेल तेव्हाच माल मागवायची पद्धत, आणल्यापासून आमचा ट्रक दर दोन तासांनी कारच्या सीटचा फोम घेऊन ॲन आर्बरला धावतो. परवा तुमचा परचेस मॅनेजर आमच्या साहेबांना म्हणाला, की तुमच्याकडे दोन आठवड्यांचा फोम पडून आहे, तो कमी करा आणि भावही उतरवा. हा आकडा मी बाहेर फक्त तुला सांगितला होता, थँक्सगिव्हिंगला, भांडी घासताना. मैत्री म्हणते योगायोग असेल. मला नाही वाटत. साहेब विचारतायत, बातमी कुणी फोडली. तू तेव्हा भावाला विचारत होतीस, की सप्लायरला?

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.
अनुप

ॲन आर्बर, २० डिसेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. हो, आकडा मीच मीटिंगमध्ये सांगितला. आमच्या प्लांटचं गोदाम रिकामं झालं म्हणून सगळे खुशीत होते. मी म्हटलं, रिकामं कुठे झालं, सप्लायरच्या गळ्यात पडलं. आणि उद्या त्यांचं मशीन बंद पडलं तर त्याच साठ्यावर आपण तरू, त्याला हात लावू नका. त्यांनी सोयीचं तेवढं ऐकलं. तुझं नाव मी घेतलं नाही. पण आपलं आडनाव एकच आहे, हे मला सुचायला हवं होतं.

हेरगिरीच करायची असती, तर तुझी भांडी कशाला घासली असती?

रागावलास तरी लोभ ठेव.
प्रणिता

टोलेडो, २ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणितास,
सप्रेम जयभीम.

तुमच्या हट्टापायी आम्ही साठा काढून टाकला, आणि गेल्या आठवड्यात आमचं मिक्सिंग मशीन बंद पडलं. तुमची लाइन दिवसभर उभी होती, ते तू पाहिलंसच. तुमचा मॅनेजर फोनवर आरडाओरडा करत होता, साहेबांनी स्पीकर लावला होता. रागाच्या भरात तो आडनावासकट तुझं नाव घेऊन बोलून गेला, की साठ्याला हात लावू नका, असं हिने तेव्हाच बजावलं होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बातमी कुणी फोडली, हे त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. साठा पुन्हा ठेवायचं ठरलंय. किती, ते लिहीत नाही.

तू खरं लिहिलं होतंस. मला हलकं वाटायला हवं होतं. पण रविवारी मैत्रीने तुझा फोन माझ्या हातात दिला, तू नुसतं कसा आहेस विचारलंस, आणि मी मनात शोधत बसलो, की हिला काय काढून घ्यायचंय.

तेव्हा थोडे दिवस पत्रच लिही.

लोभ आहेच, तो पूर्वीसारखा व्हायला जरा वेळ दे.
तुझा दादा