बावीस पिंजरे, उकरलेलं घरटं एकही नाही

२ जून
ऑक्टोबरात आमचा मुकादम गॉर्ड रिटायर होतोय. पार्कच्या टोळीचा पुढचा मुकादम मीच होणार. एकोणीस वर्षं गवत कापतोय, पूल दुरुस्त करतोय, मेलेली हरणं उचलतोय. दुसरी उमेदवार जनीन. तीन वर्षांपूर्वीपर्यंत बेकरीत पाव भाजत होती! आजपासून डोनट बंद, शिव्या बंद, पहाटे पाचला उठणे.

३ जून, सकाळी नऊ
उशिरा उठलो.
ऑफिसातून काम आलंय. तलावाकाठी कासवं वाळूत अंडी घालतात, रॅकून, म्हणजे मांजराहून थोडी मोठी ती चोरटी जनावरं, ती उकरून खातात. म्हणून घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवायचे. सोबत ड्रॉइंग. लाकडी चौकटीला खालून दोन बोटं रुंद खाचा दाखवल्यात. हे काढणाऱ्या शहाण्यानं रॅकूनचा पंजा जन्मात पाहिलेला नाही. खाचा रद्द.

८ जून
बावीस पिंजरे एकट्यानं केले. गॉर्डनं विचारलं, ड्रॉइंगप्रमाणे आहेत ना? म्हटलं, त्याहून भारी. जनीननं सहा केले, खाचांसकट. चोरांसाठी दारं ठेवलीस का गं, असं विचारलं तर सगळे हसले. गॉर्ड हसला नाही, त्याची कंबर दुखते. जनीन म्हणाली, अरे बाबा, पण पिल्लं बाहेर कुठून येणार? म्हटलं, वेळ आली की पिंजरे उचलायला मी आहे ना.

१७ जुलै
जनीनचं एक घरटं रॅकूननं फस्त केलं. माझं एकही नाही! शेडमधल्या फळ्यावर लिहिलं: एल्डन २२, रॅकून ०. कुणीतरी पुसलं. परत लिहिलं.

२६ ऑगस्ट
जनीनच्या बाजूची पिल्लं निघाली. वाळूत पाण्यापर्यंत बारीक बारीक रेघा. आता तुझे पिंजरे उचल, म्हणते. अगं, दहा तारखेला मुलाखत आहे! आत्ता उचलले आणि रॅकून आला तर? माझी अंडी उशिराची आहेत. पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?

१० सप्टेंबर
मुलाखत झकास. बावीसच्या बावीस शाबूत, म्हटलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी लिहून घेतलं. दोन डोनट खाल्ले. आजच्या दिवशी चालतं.

११ सप्टेंबर, सकाळी
पिंजरे उचलले. जनीन सोबत होती.
सगळी पिल्लं पाण्याकडच्या फळीला खेटून, एकावर एक, वाळून गेलेली. बावीसांतल्या एकोणीस पिंजऱ्यांत तेच. मी झुडपाआड गेलो. परत आल्यावर म्हटलं, यंदा ऊनच फार होतं.  जनीननं फावडं आणलं आणि खड्डा खणायला घेतला.

१२ सप्टेंबर
वार्षिक अहवालाचा फॉर्म भरला. घरटी: बावीस. उकरलेली: शून्य. ‘बाहेर पडलेली पिल्लं’ हा रकाना कोरा ठेवला. तसाही तो फार अरुंद आहे. जनीनला म्हटलं, तू कुठे बोलू नकोस. ती म्हणाली, सही तुझी आहे एल्डन, सांगायचं तर तूच सांग. सोमवारी ऑफिसात जाऊन सांगणार. नक्की.

१५ सप्टेंबर
ऑफिसात गर्दी होती.

३ ऑक्टोबर
मुकादम झालो! पत्रात लिहिलंय, घरट्यांच्या रक्षणातली अपूर्व कामगिरी. गॉर्डनं जाताना सगळ्यांशी हात मिळवले. माझ्या वेळी त्याच्या हातात खोकं होतं.

६ ऑक्टोबर
ऑफिसचा पहिला हुकूम आला. पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या सगळ्या तलावांवर पिंजरे, एकूण नव्वद. ‘एल्डन नमुन्याप्रमाणे.’ माझ्या नावाचा नमुना! आईला फोन करायला हवा होता, केला नाही.
दुपारी जनीन करवत घेऊन समोर उभी राहिली. तीन वर्षं अरेतुरे करणारी बाई आज म्हणाली, साहेब, खाचा पाडायच्या का नाही, तेवढं सांगा.
म्हटलं, सध्या नमुन्याप्रमाणेच करा. खाचा मी नंतर स्वतः पाडेन, सवडीनं.