दाजींचं चित्र

नांदेड, ३ जून २०२५

चि. भीमाशंकर यास नीलाअक्काचे आशीर्वाद.

फोनवर मला आता नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिले. तुझे दाजी जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. घरात त्यांचा एकच फोटो हाय, ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात ते कोणी परकेच दिसतात. तू त्यांचं एक चित्र काढून दे. आबा गेल्यावर तू त्यांचा चेहरा काढलास, तेव्हा आई म्हणाली होती, हाक मारली तर ओ देतील. तसं काढ. तुझे हल्लीचे रंगाचे फराटे बघून माझा प्रीतम म्हणतो, मामाच्या चित्राला ओल लागलीय. पोराचं मनावर घेऊ नको. फोटो सोबत धाडते.

जेवणखाण वेळेवर करीत जा.

तुझी वाट बघणारी,
नीलाअक्का

लातूर, २९ जून २०२५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

फोटो समोर ठेवून तीन आठवडे बसलो. डोळे जमले, मिशी जमली, आणि मी सगळं पुसून टाकलं. का, ते तुला कधी सांगितलं नाही.

भूकंपानंतर मला कचेरीनं किल्लारीकडच्या एका छावणीत याद्या लिहायला पाठवलं होतं. चित्र काढता येतं हे कळल्यावर लोक येऊ लागले. गेलेल्यांचे फोटो मातीखाली; ते सांगायचे, मी काढायचो. नाक असं, हनुवटीवर तीळ. एकेचाळीस चेहरे काढले. कस्तुराबाई नावाच्या बाईची मुलगी, तनुजा, मी तीनदा काढली. तिसऱ्यांदा बाई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ही ती न्हाई; पण दे, दुसरं काय हाय माझ्याजवळ. कागद पदराखाली धरून गेली.

तेव्हापासून चेहरा काढला की खोटं बोलल्यासारखं वाटतं. आधी माणसांचे डोळे सुटले, मग माणसंच. दहा-बारा वर्षं घरं, झाडं काढली. तीही एकेक करून गेली. कचेरीतून आलो की रोज तासभर बसायचो. शेवटी रंगच उरला. लोक याला अमूर्त म्हणतात. मी कुठं शिकायला गेलो नाही, पोचायला बत्तीस वर्षं लागली, आणि आता दमलोय अक्का.

तरी दाजींना आठवून जे आलं ते बसनं पाठवतो. खाली काळं, वर मोठं पिवळं, आणि कडेला एक तांबडा, जो कुठंच स्थिर बसेना. राग आला तर गुंडाळून ठेव.

माझ्यावरची माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
भीमाशंकर

नांदेड, २७ जुलै २०२५

चि. भीमाशंकर यास आशीर्वाद.

चित्र पोचलं. खोटं कशाला लिहू, रागच आला. पण छावणीचं तेवढं दोनदा वाचलं, आणि चित्र भिंतीवर लावलं. एवढी वर्षं मनात ठेवलंस, आणि मीही कधी विचारलं न्हाई. वर्षश्राद्धाला प्रीतमनं फोटोच मांडला. बायका भिंतीवरचं बघून विचारत होत्या, हे काय हाय. भावानं दिलंय, एवढंच मी म्हणाले.

पाहुणे गेल्यापासून दुपारचा चहा घेऊन मी त्याच्यासमोर बसते. तो तांबडा कधी पुढं येतो, कधी मागं जातो. अजून मला काही कळत न्हाई. पण काल बसल्या बसल्या तुझ्या दाजींशी भांडले. बीपीच्या गोळ्या खिशात लपवून, घेतल्या म्हणून सांगायचे, त्यावरून. वर्षाचं साठलेलं सगळं बोलले. फोटोसमोर मला रडता आलं होतं, भांडता कधी आलं न्हाई.

दमला असशील तर चार दिवस इकडं येऊन पड. चहा निवून राहिलाय, आणि आज त्यांना अजून बरंच ऐकवायचं हाय, म्हणून थांबते.

तुझी,
नीलाअक्का